वरच्या मजल्यावर रेकॉर्डर चालू होता

सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूच्या त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा माझी मुलगी तीन महिन्यांची होती आणि माझा कशावरच विश्वास नव्हता. दुधाच्या कॅनवरच्या तारखेवर नव्हता, छतावरच्या धुराच्या अलार्मवर नव्हता, लिफ्टमध्ये हसून 'हाय' म्हणणाऱ्या माणसांवर तर नव्हताच. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायची नाही. गाडीचं लायसन्सही अजून नव्हतं. दोन हजार तीन साल होतं. नवरा माझ्याहून सावध. कुठलीही गोष्ट विचारली की त्याचं एकच उत्तर असायचं, "आपण व्हिसावर आहोत. उगाच कशात पडायचं नाही."

आमच्या बरोब्बर वर एक बाई एकटी राहायची. पन्नाशीची असेल. उंच, काटकुळी, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले, मनगटावर गोंदलेला एक पक्षी. ती गिटारची काळी पेटी घेऊन जिना चढायची, लिफ्ट असूनही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या माझ्या नागपूरच्या मैत्रिणीनं तिची सगळी माहिती काढून ठेवली होती. "अगं, रॉक बँडमध्ये गायची ती. चांगली फेमस होती म्हणे. मग नवऱ्यानंच बँडमधून काढलं. आता कोण जाणे कशावर जगते. जपून राहा हं, ड्रग्जबिग्ज असतात या लोकांच्यात."

मी जपून राहू लागले. पण आवाजापासून जपून कसं राहणार? दुपारी दोनच्या सुमारास ती वर गायला लागायची. गायला म्हणजे, एकच ओळ घ्यायची, वर चढवायची आणि मध्येच सोडून द्यायची. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तिथेच तोडायची. बाळ दचकून उठायचं. मी त्याच्याबरोबर रडायचे. त्या दिवसांत मला रडायला फारसं कारण लागत नव्हतं.

मग एक दिवस आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशीही नाही. तळमजल्यावर, टपालपेट्यांच्या वर, बिल्डिंगच्या ऑफिसनं नोटीस लावली होती की रहिवाशांनी संगीताचा आवाज मर्यादेत ठेवावा. मी ती वाचत उभी असतानाच ती बाई आपली टपालपेटी उघडायला आली. तिनं नोटिशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कडेवरच्या मुलीकडे. मला कळलं, तिला वाटतंय तक्रार मीच केली. मी केली नव्हती. आता तिनं न विचारता हे तिला सांगायचं कसं?

माझी मुलगी एकाच ठिकाणी शांत व्हायची, बाथरूममध्ये. एग्झॉस्ट फॅनचा घूंऽऽ आवाज तिला आवडायचा. मी कमोडचं झाकण पाडून त्यावर बसायचे, तिला मांडीवर घ्यायचे आणि माझ्या आईची अंगाई म्हणायचे. आई अकोल्याची, शाळेत क्लार्क होती. आम्ही लहान असताना रोज संध्याकाळी लाइट जायची आणि आई आम्हाला निजवायला स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणायची:

लाइट गेली, लाइट गेली, आता कोण गं जागं?
पंखा निजला, नळ निजला, बाई निजते मागं.

पुढची कडवी तिला रोज नवी सुचायची. कधी शेजारणीची म्हैस निजायची, कधी हेडमास्तर. चाल मात्र ठरलेली. ती तिनं कुठून आणली कुणाला माहीत नाही. तशी चाल मी दुसरीकडे कधी ऐकली नाही.

एका दुपारी दार वाजलं. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. तीच. मी उघडलं नाही. ती बाहेरून म्हणाली, "बाथरूममध्ये गाते ती तूच ना?"

आता ही माझी तक्रार करणार. मी साखळी लावूनच दार फटीएवढं उघडलं आणि म्हटलं, "सॉरी. आवाज वर येतो हे मला माहीत नव्हतं."

"फॅनच्या जाळीतून येतो," ती म्हणाली. "बंद करू नकोस. एखाद्या दुपारी वर कॉफीला ये. बाळाला घेऊन ये."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. "कशाला? इथं उगाच कोणी कुणाला कॉफीला बोलवत नाही. काहीतरी हवं असणार तिला."

मलाही तेच वाटत होतं. तरी गेले. दुपारभर दुसरं माणूस दिसत नव्हतं हे एक कारण, आणि तिला काय हवंय ते मला बघायचं होतं हे दुसरं.

तिच्या घरात सामान जवळजवळ नव्हतंच. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा खडबडीत फोम लावलेला. एक टेबल, दोन खुर्च्या, एक गिटार. एवढी फेमस होती म्हणे, पण भिंतीवर एकही फोटो नाही. तिनं कॉफी दिली, मुलीला जमिनीवर रजई अंथरून दिली. बाळ किती महिन्यांचं, आम्ही कुठले, असं थोडं बोलून झाल्यावर म्हणाली, "ते गाणं एकदा म्हणशील? तिथं जसं म्हणतेस तसंच."

मी लाजत लाजत एक कडवं म्हटलं. दुसरं सुरू करताना माझी नजर टेबलावर गेली. साखरेच्या डब्याआड हाताच्या पंजाएवढा एक रेकॉर्डर होता आणि त्याचा लाल दिवा पेटलेला होता.

मी थांबले. "हे चालू आहे का?"

ती एकदम गडबडली. "ओह," एवढंच म्हणाली आणि बटण दाबून बंद केलं. का चालू होतं ते सांगितलं नाही. मी कॉफी अर्धी टाकून मुलीला उचललं आणि खाली आले.

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा वर जाणं बंद झालं असतं, आणि मला जायचं होतं. त्या फेरीत काहीतरी पूर्ण व्हायचं राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात मी गेले, मग त्याच्या पुढच्या. दर वेळी आधी साखरेच्या डब्यामागे बघायचे.

हळूहळू ती बोलायला लागली. ती डोंगरापलीकडच्या एका लाकूड कापणाऱ्या गावात वाढली. वडील सॉ मिलमध्ये होते, यंत्रांनी त्यांचे कान गेलेले. "आमच्या घरात हळू बोलणं कुणाला माहीतच नव्हतं. मीठ मागायचं तरी ओरडून." शाळेत तिला एक गिटार वाजवणारा मुलगा भेटला. त्याला ड्रमच्या वर ऐकू येईल असा आवाज हवा होता, आणि हिचा तर तसाच. चौघांचा बँड झाला. एका जुन्या व्हॅनमधून गावोगाव फिरले, बारमध्ये वाजवलं, मग मोठ्या हॉलमध्ये, मग युरोपात. तिनं त्याच्याशीच लग्न केलं. चाली तिला गाडीच्या मागच्या सीटवर सुचायच्या. ती गुणगुणायची, तो गिटारवर पकडायचा आणि रेकॉर्डच्या कव्हरवर नाव त्याचं लागायचं.

"तू काही बोलली नाहीस?" मी विचारलं.

"नवरा होता माझा. त्याचं नाव काय, माझं नाव काय."

मग लग्न मोडलं. बँडचं नाव त्याच्याकडे राहिलं, गाणीही. त्यानं एक तरुण मुलगी आणली. ती हिची गाणी म्हणते, तशीच मान झटकते, तसाच माइक धरते. हिनं टीव्हीवर पाहिलं. "मला वाटलं, मी मेले आणि कुणी मला सांगितलंच नाही," ती म्हणाली. आता तिला एकटीनं गायचं होतं. स्वतःच्या नावावर, एक गिटार घेऊन, नवी गाणी. "आणि आता मी सगळं रेकॉर्ड करते. सगळ्याचा पुरावा ठेवते. कुणावर विश्वास नाही ठेवत."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच भीती वाटली. चाल कशी उचलली जाते हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तिची अडचण साधी होती. तिला हळू गाता येत नव्हतं. मागे ड्रम नाहीत, बेस गिटार नाही, एकटी बसून ओरडलं तर लोक पळून जातील. आवाज खाली आणला की तो फाटायचा, नाहीतर हवाच निघायची. "तू ते कसं करतेस?" ती विचारायची. मी काय सांगणार? मी गाणं शिकलेली नाही. "बाळ उठेल या भीतीनं म्हणते," मी म्हटलं. ती हसली. मग खरंच माझ्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसून एक ओळ म्हणून बघितली. मुलीनं भोकाड पसरलं.

उन्हाळा आला. एक दिवस मी मुलीला आंघोळ घालून टॉवेलमध्ये गुंडाळत होते आणि जाळीतून गिटार ऐकू आली. गिटारवर कोणीतरी गुणगुणत होतं. शब्द नव्हते, नुसतं म्म्म्. पण चाल आईची होती. पंखा निजला, नळ निजला, सरळ तीच. मध्ये जिथं आई श्वास घ्यायची तिथंच ही श्वास घेत होती.

मी तशीच उभी राहिले. मुलीच्या केसांतून माझ्या पायावर पाणी गळत होतं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, रेकॉर्डरसुद्धा. तो मुळीच चिडला नाही, उलट बरोबर ठरल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "मी म्हटलं होतं. अल्बम काढेल ती. त्यात तुझ्या आईची चाल असेल. आपल्याला पुरावा पाहिजे." मैत्रिणीचा नवरा फोनवर म्हणाला, "केस टाक यार सरळ." आपण व्हिसावर आहोत हे त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

मी कॉलिंग कार्डवरून अकोल्याला फोन लावला. आईला वाटलं बाळाला बरं नाही. मी सांगितलं, एका गोऱ्या गायिकेनं तुझी चाल उचलली. आई हसायलाच लागली.

"घेतली तं घेऊ दे ना वं. मी का दुकान टाकून राहिली त्याचं?"

"आई, ती पेटंटसारखं स्वतःच्या नावावर करेल."

"अन् मंग मले गाऊ नाही देणार का?"

आईशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी वर जाणं बंद केलं. ती दोनदा दार वाजवून गेली. मी कार्पेटवर श्वास रोखून बसले, पण माझी मुलगी आतून मोठमोठ्यानं बडबडत होती. ती दाराबाहेर थोडा वेळ थांबल्याचं मला कळत होतं. मग बुटांचा आवाज जिन्यावरून वर गेला. तिसऱ्या वेळी दाराखालून एक पाकीट आत आलं. सिअ‍ॅटलच्या एका छोट्या थिएटरमधल्या तिच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं. एकटीचा पहिला कार्यक्रम, रविवारी संध्याकाळी पाच वाजता.

"बघ," नवरा म्हणाला, "तिला कळलंय आपल्याला कळलंय. तोंड बंद करायला पाठवलीत." तरी जायचं ठरलं. त्यानं कॅमकॉर्डर चार्ज केला.

मुलीला मैत्रिणीकडे ठेवून आम्ही गेलो. हॉल लहान होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. बरेचसे लोक तिच्याच वयाचे, पोट सुटलेले, जुन्या बँडचे विटलेले टी-शर्ट घातलेले. ती एकटी आली, उंच स्टुलावर बसली. तिचे गुडघे हलत होते, मला तिसऱ्या रांगेतून दिसत होते. मागून कुणीतरी बँडच्या जुन्या गाण्याचं नाव ओरडलं. ती म्हणाली, "ते माझं नाही आता." एक माणूस उठून निघून गेला.

पहिलं गाणं तिनं घाबरून जवळजवळ किंचाळूनच म्हटलं. दुसरंही. नवरा कॅमेरा डोळ्याला लावून बसला होता. प्रत्येक गाणं सुरू झालं की मी कान टवकारायचे, आता येईल, आता येईल. तिसऱ्या गाण्याला तिनं गिटार वाजवणंच थांबवलं आणि आवाज खाली आणला. इतका खाली की हॉलमधल्या खुर्च्या करकरल्या, कारण सगळे पुढे झुकले. आवाज फाटला नाही. लाकूड कापणाऱ्या गावातल्या एका बहिऱ्या माणसाचं गाणं होतं ते. माझ्या शेजारचे टी-शर्टवाले गृहस्थ तोंड उघडं टाकून ऐकत होते. मीही दोन मिनिटं चाल शोधायची विसरले.

त्याच वेळी एक तरुण मुलगी टॉर्च घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, शूटिंग करता येणार नाही, सर. सगळी रांग वळून बघायला लागली. त्यानं कॅमेरा मांडीवर ठेवला आणि पुढचा सगळा वेळ खाली मान घालून बसला.

शेवटचं गाणं झालं, लोक उभे राहिले. आईची चाल आली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला रागच आला. का नाही म्हटली? एवढी चोरून शिकली आणि म्हणायच्या लायकीची वाटली नाही?

बाहेरच्या पॅसेजमध्ये ती लोकांना भेटत होती. आमची पाळी आली तेव्हा मी अभिनंदनबिभिनंदन काही म्हटलं नाही. सरळ विचारलं, "माझ्या आईची चाल तू वाजवत होतीस. मी ऐकलं."

"रोज वाजवते," ती म्हणाली. "गायच्या आधी. आज पण मागच्या खोलीत म्हटली. आवाज खाली आणायला मला दुसरं काही सापडलेलं नाही."

"मग इथं का नाही म्हटलीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ती तुझ्या आईची आहे. मी ती स्टेजवर म्हणेन? मी?"

तरी शंका संपली नव्हती. "मग पहिल्या दिवशी तो रेकॉर्डर?"

"तो तुझ्यासाठी होता," ती म्हणाली. "मला वाटलं होतं माझी तक्रार तूच केलीस. घटस्फोटाच्या वेळच्या वकिलानं सांगितलं होतं, शेजाऱ्यांशी बोलताना पुरावा ठेव. कॉफीला आलीस तरी भांडशील असं वाटलं, म्हणून चालू ठेवला होता. तू गायला लागलीस, मग मला बंद करायचं भानच राहिलं नाही."

"मी तक्रार केली नव्हती."

"पण ती तुमच्याच घरातून आली होती. बिल्डिंगच्या ऑफिसमधल्या बाईनं मला सांगितलं." असं म्हणून तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी वळले. नवरा कॅमेऱ्याचा पट्टा हाताभोवती गुंडाळत होता.

"चल, निघू या," तो मराठीत म्हणाला. "बाळ वाट बघत असेल."

गाडी तळ्यावरच्या तरंगत्या पुलावर आली तेव्हा मी विचारलं, "तू केलीस?"

"हो." त्यानं लेन बदलली. "बाळ झोपत नव्हतं. तू रोज रडत होतीस. मी ऑफिसमध्ये बसून काय करणार होतो?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वर जाऊन माफी मागितली असतीस."

हे खरं होतं. पण त्या रस्त्यावर मला एक नवीनच शंका सुरू झाली, आणखी काय काय मला न सांगता माझ्या भल्यासाठी झालंय. ती पुढची बरीच वर्षं टिकली. अजूनही ऑफिसातून त्याचा फोन अवेळी आला की मी आधी आवाजातला कंप ऐकते, मग शब्द.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः वर गेला. मी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत परत आला. "काय म्हणाली?" "म्हणाली, ठीक आहे, सांगितलंस ते बरं केलंस." "आत बोलावलं?" "नाही."

मला मात्र तिनं बोलावलं आणि मी जात राहिले. त्या हिवाळ्यात तिची रेकॉर्ड निघाली, एका छोट्या कंपनीनं काढलेली, कव्हरवर फक्त तिचं नाव. पेपरात एका ओळीत कौतुक आलं, दुसऱ्या ओळीत जुन्या बँडची आठवण. ती ओळ तिनं काळ्या पेननं खोडली आणि कात्रण फ्रिजवर लावलं. आईला फोनवर सांगितलं की तिनं तुझी चाल घेतली नाही. आई म्हणाली, "बरं. तिची मर्जी." तिचा आवाज मला पडल्यासारखा वाटला, पण मी विचारलं नाही.

पुढे ती डोंगरापलीकडे, वडिलांच्या गावाजवळ राहायला गेली. आम्हीही घर बदललं, मला वर्क परमिट मिळालं. दोन हजार आठच्या वसंतात तिचा कार्यक्रम आमच्या जवळच्या लायब्ररीत असल्याचं मी फळ्यावर वाचलं. पाच वर्षांच्या माझ्या मुलीला घेऊन गेले. मुलीला काहीच आठवत नव्हतं. तिनं मला इंग्रजीत विचारलं की ही आजी कोण आहे.

तीसेक माणसं होती. ती आणखी वाळली होती, पण गुडघे हलत नव्हते. आणि तिच्या मागे एक तरुण बसला होता, समोर एकच ड्रम, हातात काठ्यांऐवजी तारांचे ब्रश. तो इतकं हळू वाजवत होता की कधी कधी ऐकूच येत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती स्वतःच टेबल मांडून सीडी विकायला बसली. मला पाहून उठली, मिठी मारली.

"ड्रमर घेतलास?" मी म्हटलं. "पुन्हा बँड?"

"बँड नाही. तो फक्त माझ्याबरोबर येतो."

"विश्वास आहे त्याच्यावर?"

तिनं वळून त्या पोराकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता.

"नाही," ती म्हणाली. "पण वाजवतो छान."